आवंढा

सातच्या बातम्यांची धून वाजली आणि पडद्यावर तान वेनशानने प्रेक्षकांना अभिवादन केले. आईच्या घरी, जेवणाच्या मेजापाशी बसलेल्या तान वेनशानने ते पाहिले व हातातल्या जेवणाच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"एक कामावर, एक जेवायला," आई म्हणाली. "वाढवला एकच होता. म्हातारपणी दुसरा फुकटात मिळाला."

वृत्तकेंद्राने महिन्यापूर्वी त्याला विश्रांती दिली होती. चेहरा आणि आवाज मात्र ठेवून घेतले होते. यंत्राने घडवलेला हा दुसरा थकत नसे, खोकत नसे, दिलेल्या मजकुराबाहेरचा शब्द उच्चारत नसे. लिफ्टमध्ये शेजारी अजूनही पाठ थोपटत: "तानसाहेब, काल काय झक्क वाचलंत!" वेनशान आभार मानी.

"धरणाचे पाणी सोडण्यापूर्वी बाइशा गावातील सर्व रहिवाशांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले," पडद्यावरचा सांगत होता. "कोणतीही जीवितहानी झालेली नाही."

बाइशात आईचा धाकटा भाऊ राहत असे. दुपारी मामेभावाचा फोन आला होता: बाबा गेले, गाळात सापडले. तेच सांगायला वेनशान आला होता, आणि भात निवत आला तरी त्याच्याने सांगवले नव्हते.

"आई, तो मी नव्हे."

"मला शिकवतोस? पहिल्याच दिवशी ओळखलं मी." तिने पडद्याकडे बोट केले. "तो आवंढा गिळत नाही. तू लहानपणापासून खोटं बोलायच्या आधी गिळतोस. खाऊ चोरलास तेव्हा गिळलास, नि तिथे बसून वर्षानुवर्षं वाचलंस तेव्हाही. मी कुठे बातम्या ऐकत होते? मी तुझा गळा बघत होते. हा मेला सगळं एकाच गळ्यानं बोलतो. खरं कुठलं, खोटं कुठलं, माणसानं ओळखावं तरी कसं?"

तिने खुर्ची पडद्याकडून त्याच्याकडे वळवली.

"तूच सांग. आमचा धाकटा बरा आहे ना?"

वेनशानने तोंड उघडले. सांगायचे ते शब्द त्याने वाटेत दहादा घोळवले होते. जिभेवर आले ते मात्र दुसरेच, सवयीचे.

"सगळ्यांना सुरक्षित जागी हलवलंय, आई."

पण त्याआधी त्याचा कंठमणी वर गेला आणि खाली आला.

आई त्या गळ्याकडे पाहत राहिली. मग उठली. कपाटातली पांढरी चादर काढून तिने ती मधोमध फाडली. एका तुकड्याने दाराजवळचा आरसा झाकला, घरातले कुणी गेले की झाकतात तसा. उरलेला तुकडा तिने टीव्हीवर टाकला.

कापडामागे उजेड हलत राहिला. उद्या सर्वत्र स्वच्छ ऊन पडेल, असे वेनशानचा आवाज कुठेही न अडता सांगत होता.