‘ग्रिने’चा अर्थ

“माझ्या राखेवरून घरचे भांडले, तर त्यांना ‘ग्रिने’चा अर्थ विचार. आणि मला समोरच्या खाडीत सोड,” असं सांगून माझ्या नवऱ्याने, आस्गरने, जाण्याआधी माझ्याकडून वचन घेतलं होतं.

अंत्यविधीनंतर राखेचा कलश घेऊन चर्चमधून घरी येऊन कॉफी ओतते न ओतते, तोच त्याचा डॅनिश भाऊ प्रेबेन राख डेन्मार्कला नेतो म्हणाला. माझी बहीण गुन्वोर म्हणाली, “मुळीच नाही! नॉर्वेतच पुरायची.”

मी हळूच विचारलं, “‘ग्रिने’ म्हणजे हसणं की रडणं?”

“डॅनिशमध्ये हसणं!” प्रेबेन म्हणाला.

“नॉर्वेजियनमध्ये रडणं! बोलताना तुम्हा डॅनिशांच्या तोंडात कायम गरम बटाटा!” गुन्वोर म्हणाली.

“मूळ शब्द आमचाच!”

“तुमचा? चोरांनो!”



दोघं शब्दावरून जुंपलेले पाहून मी या लबाडीबद्दल देवाची माफी मागितली, कलश शालीखाली घेतला आणि होडीकडे निघाले.