सातचं जेवण

स्वीडनच्या वकिलातीत गुस्तावची हयात गेली. कुठल्याही देशाची रीत आपल्याला तिथून बदलीचा हुकूम हातात पडल्यावरच कळते, असं तो स्वतःच हसत सांगायचा. मुंबईत तो सातच्या जेवणाला सातच्या ठोक्याला पोचायचा; यजमान अंघोळीला गेलेले असायचे आणि यजमानीणबाईंचा कुकर अजून लागायचा असायचा.

आता मुक्काम वॉशिंग्टनला होता. व्हर्जिनियात राहणाऱ्या उपासना नावाच्या मराठी ओळखीच्या बाईंनी त्याला घरी बोलावलं. "शनिवारी जेवायला या, सातला." या खेपेला काही तो फसणार नव्हता. सातला त्याने निवांत दाढी केली आणि साडेआठला ऐटीत बेल वाजवली.

आत पंधरा-वीस माणसं वाढलेल्या ताटांपुढे ताटकळत बसली होती. पुऱ्यांतली हवा केव्हाच गेली होती.

"सॉरी! तुमच्याकडे सात म्हणजे साडेआठ ना?" त्याने मोडक्या मराठीत विचारलं.

"एरवी साडेआठच हो," उपासना म्हणाली. "पण तुम्ही पडलात स्वीडनचे! म्हणून आठवडाभर मेसेज करकरून सगळ्यांना बरोब्बर सातला आणलं. जन्मात पहिल्यांदा!"

गुस्तावला रीत कळली. म्हणजे आता बदली आलीच.