मे महिन्यातला बर्फ

तळ्याभोवतीची ती सपाट पायवाट तासाभरात चालून होते. वर्ना तिथली रेंजर. तिच्याशी घटस्फोट झाल्यापासून क्लिफ दर ऋतूत मुद्दाम तिथेच फिरायला यायचा. उन्हाळ्यात नव्या मैत्रिणीचा, शॅननचा हात धरून आला, झाडं पिवळी झाली तेव्हा तिच्या कमरेत हात घालून, आणि हिवाळ्यात तर वर्नाच्या चौकीसमोर गुडघा टेकून त्यानं शॅननला अंगठी दिली. वर्ना दर वेळी दात आवळून हसली.

मे उजाडला, तरी त्या थंड मुलखात तळ्यावर अजून बर्फ होता. दोघं काठावर थर्मासमधली कॉफी पीत उभे होते. वर्ना आपणहून त्यांच्यापाशी गेली.

"क्लिफ, बर्फावर पाय ठेवू नकोस हं. वरून पांढरा दिसतो, पण आतून ठिसूळ झालाय."

"आल्या मास्तरीणबाई!" क्लिफ हसला. "शॅनन, मोबाईल काढ. तळ्यावर उभा राहून दाखवतो तुला."

"नको ना रे," शॅनन म्हणेपर्यंत तो निघालाही.

चौथ्या पावलाला बर्फ कडाडला आणि क्लिफ छातीपर्यंत गार पाण्यात गेला. तिथं पाणी तेवढंच होतं. वर्नानं दोर टाकून त्याला बाहेर ओढलं, ब्लँकेटात गुंडाळलं. वाटेवरची माणसं फोटो काढत होती.

"नको म्हटलं होतं ना मी?" वर्ना अगदी मायेनं म्हणाली.



बावीस वर्षांच्या संसारात त्यानं तिचं एकदाही ऐकलं नव्हतं. त्याच भरवशावर ती सांगायला गेली होती.