तिसऱ्या भागातलं यान

"परग्रहावरच्या माणसांशी मला काय करायचंय? आधी वरच्या मजल्यावरची कळू देत," म्हणणारी माझी आई हल्ली रोज दुपारी मोबाइल उशाशी घेऊन माझ्या धाकट्या भावाने लिहिलेली अंतराळयानाची श्रुतिका ऐकत पडते. तीही सगळी नाही, फक्त तिसरा भाग. बाबा गेल्यापासून तिची झोप उडालीय, पण हे ऐकताना मात्र डोळा लागतो. मी म्हटलं, लेकाचं कौतुक, दुसरं काय!

काल धाकट्याची मुलाखत होती, ती आम्ही दोघींनी मिळून ऐकली. "तिसऱ्या भागातला यानाच्या इंजिनाचा तो धापा टाकल्यासारखा आवाज कुठून मिळवलात?" मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

धाकटा म्हणाला, "घरातलाच आहे. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन. ते होते तेव्हा रेकॉर्ड करून ठेवला होता."

मी आईकडे पाहिलं. ती उगाच उशी सारखी करत बसली होती. मी विचारलं, "आई, आज चौथा भाग लावू का?"



"नको गं बाई. त्यात ते इंजिन बंद पडतं."