भाऊबीजेची आंघोळ

त्या वर्षी पावसानं दगा दिला, आणि मुलुंडच्या चाळीत दिवाळीतच नळाची धार करंगळीएवढी झाली. शहरासाठी नवं धरण व्हायचं होतं. पण नदी वाहती राहू द्या म्हणत कुणीतरी कोर्टात गेला आणि स्टे घेऊन आला.

"कोण तो मुडदा? समोर आला ना, तर चपलेनं हाणीन!" मालन नळावर कडाडली. सगळ्या बाया हो ला हो म्हणाल्या. जानकीनंही मान डोलावली. पण धरणात तिचं माहेर बुडणार होतं, कोर्टात गेलेला माणूस तिचा सख्खा भाऊ सहदेव होता, आणि भाऊबीजेसाठी तो या क्षणी तिच्याच घरात बसला होता.

घरी येऊन तिनं कडी लावली. भावाला तेल लावलं. आंघोळीला मात्र तांब्याभरच पाणी उरलं होतं.

"दादा, हळू बोल रे," म्हणत तिनं देवापुढे हात जोडले, तोच दारावर थाप पडली.

"जानके, उघड! भाऊ आलाय ना तुझा? मला बघायचाय तो!"

जानकीनं दार उघडलं आणि भावाच्या पुढ्यात आडवी उभी राहिली. मालन भरली बादली घेऊन आत आली. मागे वळून तिनं आधी कडी लावली, मग आवाज अगदी खाली आणला.

"दादा, केस मागे घेऊ नका हं. माझंही माहेर त्याच नदीकाठी आहे."