कापलेला समास

समासातलं वाक्य पानाच्या कडेला येऊन तुटलं होतं: ‘हे पुस्तक ज्याच्या हाती जाईल, त्याने मला एकदा...’ पुढची ओळ नव्याने बाइंडिंग करताना कापली गेली होती. जुन्या पुस्तकांवरच्या वाचकांच्या नोंदी गोळा करणारी ती, दोन महिने त्या ‘एकदा’पाशी अडून बसली होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मालकिणीने लिहिलं होतं, ‘सौ. सरस्वतीबाईचे.’

शेवटी तिने ग्रंथालयाच्या म्हाताऱ्या बाइंडरकाकांना गाठलं.

“कडा मीच कापल्या, पोरी. पण जुना कागद फेकवत नाही गं. पाठीला अस्तर म्हणून आतच चिकटवतो.”

त्यांनी ओल्या फडक्याने पुस्तकाची पाठ भिजवली. खळ सुटली आणि दुपारच्या उन्हात एक चिंचोळी पट्टी अलगद वर आली: ‘माझ्या माहेरच्या नावाने हाक मारावी. ठकू.’

लग्नात बदललेल्या नावाआड ती बाई दीडशे वर्षं थांबली होती. ‘शांतता राखा’च्या पाटीखाली उभं राहून त्या मुलीने हाक मारली, “ठकूऽ!”

वाचकांच्या माना वर झाल्या. काका मात्र पुस्तकाकडे कान लावून बसले होते.

“अजून एकदा मार हाक,” ते हळूच म्हणाले. “ओ द्यायला तिला लांबून यायचंय.”