न घेतलेली गोळी

गोळी अजून पेल्याशेजारीच होती. पुंडलिकरावांनी ती सकाळी तिथं ठेवली होती. दुपार झाली, खुशीचा ताप वाढला, तरी तिनं ती घेतली नव्हती.

“काहून घेतली नाही वं?”

“राहू द्या न बाबा.” खुशी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

पुंडलिकरावांचं डोकं फिरलं. तिच्या लघवीत इन्फेक्शन होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला आता फार थोडी औषधं लागू पडतात. ही गोळी लागू पडेल, पण उशीर केला तर किडनीवर जाईल. तिची आई भागीरथा अशाच तापात गेली होती, पोळ्याच्या आधी. इंजेक्शनं बदलून बदलून दिली. एकही लागू पडलं नाही.

“तोंडावरच्या पुटकुळ्यायसाठी दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या तू,” ते ओरडले. “मेडिकलवाला देत गेला, तू गिळत गेली. कोन्या डॉक्टरले विचारलं नाही. आता जिवावर बेतलं त गोळी जड होऊन राह्यली तुले?”

आईच्या तेरवीनंतर खुशीनं पुटकुळ्यांच्या उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या होत्या. तेव्हापासून तिचं सगळंच बदललं होतं. ताट वेगळं, गडू वेगळा. घडोघडी साबणानं हात धुवायची. कणीक मळायला शेजारच्या जमनीला बोलवायची. पुंडलिकरावांनी तिच्या ताटातली भाकर तोडली तर ताट ओढून घ्यायची. पोरीला आपला वीट आला, असं ते धरून चालले होते.

“मायसारखं मरायचं हाय काय तुले?”

बोलून गेले आणि मग खाटेच्या कडेला बसले.

खुशी उठून बसली. “आई गेली तव्हा डॉक्टर तुमच्याशी बोलत होते न, मी दाराबाहेरच होती. रोज जंतू मारायच्या गोळ्या खाल्ल्या की पोटातले जंतू औषधाले जुमानत नाहीत, म्हने. अन् एकाचे घरातल्या दुसऱ्याले लागतात. आईले माह्यापासूनच लागले असतील, म्हने.”

“असतील म्हनले ते. नक्की सांगता येत नाही म्हनले.” पुंडलिकरावांचा आवाज उतरला. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“म्या आखीन गोळ्या खाल्ल्या त आखीन तसेच जंतू होतील,” खुशी म्हणाली. “अन् आता लागाले घरात तुम्ही एकटेच उरले, बाबा.”